रावसाहेबांना आठची वेळ

रेवदंडा, आषाढ शुद्ध तृतीया, शके १८५७

सकाळी गुणाजी कोळी आला. ओटीवर न बसता खांबाला टेकून उभा राहिला, त्यावरून काम मोठे आहे हे ओळखले. लहान काम असले की तो ऐसपैस बसतो, तंबाखू मळतो आणि उठायचे नाव घेत नाही.

"तात्या, मचवा झाला," तो म्हणाला. "नामा सुतार म्हंतो, फटीत कापूस न् राल भरली का पान्यात टाकायला मोकला. नारली पुनवेला टाकतो."

"उत्तम!"

"मंग एक आमंत्रन लिवाचं हाय. पालीच्या रावसायबांना."

माझ्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला.

माझ्यामागे ही वही कोणाच्या हाती पडली, तर त्याला संदर्भ लागावा म्हणून सांगतो. तीन वर्षांमागे याच गुणाजीने पहिला मचवा बांधला होता. तो पाण्यात लोटायच्या दिवशी नारळ फोडायला कोणी मोठा पाहुणा हवा, अशी कल्पना निघाली. कल्पना माझी होती. अलिबागच्या 'अष्टागर-वृत्त' साप्ताहिकाचा मी रेवदंड्याचा बातमीदार, आणि मोठ्या पाहुण्यावाचून बातमी छापायची नाही असा आमच्या संपादकांचा बाणा. पालीचे रावसाहेब लिमये आमच्या ओळखीचे. ते यायचे कबूल झाले. पौर्णिमेची भरती दुपारी बाराची, म्हणून त्यांना बाराची वेळ दिली. मचवा वाळूवरून ओढून पाण्याच्या कडेला आणून ठेवला. भरती आली. रावसाहेब आले नाहीत. ताशे वाजत राहिले, मंडळी रस्त्याकडे बघत राहिली, आणि समुद्र मात्र कोणाकडे न बघता परत गेला. रावसाहेबांची मोटार पोयनाडच्या ओढ्यात अडकली होती. ते चिखलाने माखून पोचले तेव्हा पाणी पार उतरले होते. पण एवढा पाहुणा आलाच आहे तर भिडेखातर सगळ्यांनी मचवा तसाच चिखलातून रेटला. खाली दगड होते. नारळ आणि मचव्याचा कणा दोन्ही एकाच वेळी फुटले.

आता माझा भाग. टपाल सकाळी निघते, म्हणून मी समारंभाचा वृत्तांत आदल्या दिवशीच धाडून दिला होता. 'रावसाहेबांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून नौका डौलाने सागरात विहरू लागली', असा. तो छापून आला. न्यायशास्त्रात घट उत्पन्न होण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो त्याला प्रागभाव म्हणतात. मी त्या अभावाचे रंगरूपासह वर्णन केले होते. आजही कोळीवाड्यातून गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, "तात्या, कागदावरचा मचवा कुठपर्यंत गेला? कराची गाठली का?"

"पुन्हा रावसाहेबच कशाला?" मी गुणाजीला विचारले.

"लाकूड त्येंचंच हाय ना."

हे खरे. त्या दिवसाचे रावसाहेबांना फार लागले. त्यांनी आपल्या रानातले साग तोडून रोह्यावरून खाडीने पाठवले. दुसरा मचवा त्या सागाचा आहे. ज्याचे लाकूड त्याला बोलवायचे नाही, हे गुणाजीला पटत नाही. मलाही पटले नाही.

जाताना दाराशी थांबून तो म्हणाला, "ह्या टायमाला ऱ्हायला ना तात्या, तर मंग मी ऱ्हात न्हाय हितं. तीन वर्सं दुसऱ्याच्या मचव्यावर जालं ओढली. आता मुंबईला गोदीत जातो. तितं निदान भरतीची वाट न्हाय बगावी लागत."

हसत म्हणाला, पण हसणे डोळ्यांपर्यंत गेले नव्हते.

आषाढ शुद्ध षष्ठी

कोळीवाड्यात गेलो होतो. मचवा पाहिला. झापांच्या मांडवाखाली तेल पिऊन तकतकत बसला आहे, लग्नाच्या आदल्या दिवशीच्या नवऱ्या मुलासारखा.

तिथेच बैठक झाली. विषय: मागच्या वेळी चुकले कोणाचे. मी मुद्देसूद बोललो. म्हटले, पाहुण्याला आणायला कोणी गेले नाही, ही मूळ चूक. गुणाजी म्हणाला, रस्त्याची चूक. नामा सुतार म्हणाला, दगडांची. ताशेवाला म्हणाला, आधी जेवण वाढले असते तर बरे झाले असते. याचा चुकीशी संबंध काय ते त्याला सांगता येईना.

गुणाजीची बायको केसर मासळी सुकवायच्या काठ्या बांधत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. एवढी बोलकी बाई गप्प बसली म्हणजे तिला विषयच कळला नसावा, असे वाटून मी तिला पुन्हा सगळे समजावून सांगितले.

"कललं, तात्या," ती म्हणाली. "कोनी कोनाला वालवंटात उभं केलं ते मना म्हाईत हाय. मी तितंच उभी होती."

आषाढ वद्य द्वितीया

आमंत्रणपत्र लिहायला केसर स्वतः आली. गुणाजीला पाठवले नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आधी सौ.शी बराच वेळ कुजबुजली, मग ओटीवर आली.

मी पत्राचा पहिला भाग वाचून दाखवला. संस्कृतप्रचुर होता. तिला आवडला असावा. ती मध्येच जांभई दाबत होती.

"वेळ माध्यान्ह, बारा," मी म्हणालो.

"आठ लिवा."

"अगं, पौर्णिमेला भरती बाराला. आठ वाजता तिथे बेडूक बसेल, मचवा नव्हे."

"आठ लिवा, तात्या."

"केसर, तू कोळ्याची लेक आणि कोळ्याची सून. भरती मी तुला सांगायची?"

"नका ना सांगू! आठ म्हंजे आठ."

मी आठ लिहिले. पण मन खात राहिले. बिचारीच्या मनावर त्या दिवसाचा असा परिणाम झाला आहे की बारा हा आकडाच तिला नकोसा वाटतो. दुःखाने माणसाची साधी गणिते चुकतात.

आतून सौ.च्या हसण्याचा आवाज आला. विचारले तर म्हणाली, "काही नाही, दूध उतू गेले." दूध उतू गेल्यावर हसण्याची ही पहिलीच वेळ.

आषाढ वद्य चतुर्थी

पत्र अजून टपालात टाकले नाही. खाली एक ओळ घालावी काय, की 'वस्तुतः भरती बाराला आहे'? मागच्या वेळी मी लिहिण्याची घाई केली, तर या वेळी न लिहिण्याचा आळस होऊ नये. तीन वेळा लेखणी हातात घेतली.

सौ. म्हणाली, "अहो, पत्र कोणाचे?"

"गुणाजीचे."

"मग तुम्ही लिहिणारे. समुद्र त्यांचा, मचवा त्यांचा, पाहुणाही त्यांचा. चिकटवा ते पाकीट."

चिकटवले. पण विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. केसरच्या चुकीमुळे आपल्याला अनायासे चार तास जादा मिळाले आहेत. ते कामी कसे लावावेत याचा विचार चालू आहे.

आषाढ वद्य दशमी

पाऊस. वाडीत दोन पोफळी पडल्या. दिवसभर त्यांच्याकडे बघण्यात वेळ गेला. त्याही माझ्याकडे बघत असाव्यात.

श्रावण शुद्ध तृतीया

रावसाहेबांचे उत्तर आले. 'गतवेळेच्या प्रमादाचे शल्य अद्याप गेलेले नाही. या वेळी त्याची पुनरावृत्ती होणार नाही, अशी व्यवस्था केली आहे. आठ म्हणजे आठ वाजता हजर राहीन.' व्यवस्था काय केली ते लिहिलेले नाही. मोठी माणसे व्यवस्थेचा तपशील लिहीत नाहीत.

केसरला वाचून दाखवले. शेवटच्या वाक्याला ती खळखळून हसली. "व्हय, व्हय," म्हणाली. "येतील हां आठला. सूर्य पन मंग दर्यातनं उगवल."

पाहुण्याविषयी असे बोलू नये, असे मी तिला सांगितले.

श्रावण शुद्ध षष्ठी

काल नागपंचमी. सौ.ने पातोळ्या केल्या. रावसाहेबांच्या प्रश्नावर माझा विचार पातोळी खाताना पक्का झाला.

मूळ चूक काय? पाहुण्याला आणायला कोणी गेले नाही. तर मी जाईन. रावसाहेब पालीहून नागोठण्यावरून निघाले की आदल्या रात्री अलिबागेत त्यांच्या मेहुण्यांकडे, वकिलांकडे, मुक्काम करतात. मी पौर्णिमेला पहाटे टांग्याने अलिबाग गाठीन, त्यांना बरोबर घेईन, आणि आठला नाही तरी दहाला नक्की इथे आणीन. भरती बाराची. दोन तास हातात. केसरने आठ लिहिले हे एका परीने बरेच झाले.

कोणाला सांगितलेले नाही. सांगितले की वाडाभर चर्चा होते आणि शेवटी ताशेवाला बरोबर यायला निघतो. एकदम रावसाहेबांसह टांग्यातून उतरावे आणि गुणाजीने आ वासावा, ही दृश्यकल्पना मला मोठी सुखावते. सौ.ला मात्र सांगावे लागेल, कारण पहाटेचा चहा तीच करते. तिला फक्त 'अलिबागेस काम आहे' एवढेच म्हणेन.

श्रावण शुद्ध दशमी

संपादकांचे पत्र. 'अंक पौर्णिमेस यंत्रावर चढतो. मचव्याचा वृत्तांत चतुर्दशीच्या टपालाने धाडावा. शैली मागील वेळेप्रमाणे.'

मागील वेळेप्रमाणे!

खरे सांगायचे तर हात शिवशिवला. 'डौलाने' हा शब्द अजूनही चांगला वाटतो. एक परिच्छेद लिहून पाहिला, केवळ सरावापुरता. वाचून दाखवला.

सौ. म्हणाली, "छान आहे. त्या मचव्याचे नाव काय?"

"अजून ठेवले नाही."

"मग हा पुन्हा कागदावरचाच का?"

फाडला. संपादकांना कळवले की समारंभ घडल्यावाचून वृत्तांत मिळणार नाही, अंक थांबत नसेल तर बातमी पुढच्या अंकाला जाईल. बातमीदारीच्या अकरा वर्षांत असे बाणेदार पत्र प्रथमच लिहिले. तिकीट मात्र उलटे लागले.

श्रावण शुद्ध त्रयोदशी

कोळीवाड्यात आनंदीआनंद आहे. मचव्याला रंग झाला: खाली काळा, वर हिरवा, कडेला पिवळी रेघ. गुणाजी दिवसातून चार वेळा त्याच्याभोवती फिरतो आणि कोणी बघत नाही असे वाटले की हात लावतो. दगड सगळे वेचून काढले. ओंडके, त्यांवर चोळायला तेल, ओढायचे दोर, सगळे तयार.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. केसर ताशेवाल्याला सांगत होती, "अकराला या. आदी नको. आदी आलास तर आदी जेवशील."

अकरा! पाहुण्याला आठ आणि ताशेवाल्याला अकरा! तिच्या डोक्यात दोन घड्याळे आहेत हे आता निश्चित. मी गुणाजीला बाजूला घेऊन हळूच म्हटले, "हिला जरा विसावा दे."

"कोनाला? केसरला?" तो म्हणाला. "तिला विसावा दिला तर मना कोन देईल, तात्या?"

श्रावणी पौर्णिमा, संध्याकाळी

आज जे घडले त्यातला अर्धा भाग मी पाहिला, अर्धा ऐकला. महत्त्वाचा अर्धा ऐकला. क्रमाने लिहितो.

पहाटे शिवदासच्या टांग्यातून निघालो. चंद्र मावळायला आला होता, नागावच्या वाडीतून पोफळीच्या फुलांचा वास येत होता, घोडा उत्साहात होता. अलिबागेत वकिलांच्या दारात उतरलो. वकीलसाहेब दात घासत होते.

"भावोजी? इथे? नाहीत बुवा. येणार होते का?"

म्हटले, आता येतील. वेशीबाहेर पोयनाडच्या रस्त्यावर टांगा उभा केला आणि वाट पाहू लागलो. एक मोटार आली, तिच्यात बर्फाच्या पेट्या होत्या. एक बैलगाडी आली, तिच्यात वरात होती. श्रावणात वरात कशी म्हणून चौकशी केली तर नाटकाचे सामान निघाले.

शिवदास म्हणाला, "तात्या, पाव्हना न्हाय येत. परत फिरू."

"मागच्या वेळी त्यांना आणायला कोणी थांबले नाही, शिवदास. तीच तर चूक झाली. अजून थोडे थांबू. वेळ हाताशी आहे."

"घोडा पन हाताशी हाय. त्यो उपाशी हाय."

थांबलो. मग आणखी थोडे थांबलो. ऊन चढले तेव्हा शिवदासने मला न विचारता टांगा वळवला. परतीच्या वाटेवर घोड्याचा उत्साह संपला होता. चौलाच्या चढावर मी उतरून चाललो, तर घोडाही थांबून माझ्याकडे कौतुकाने बघू लागला. चौल ओलांडताना दुरून ताशे ऐकू आले. मग एकदम मोठा ओरडा. मग ताशे बंद.

 मागच्या वेळी ते असेच बंद झाले होते, कण्याच्या आवाजानंतर. उरलेली वाट मी पळालो. माझ्या वयात आणि अंगरख्यात पळणे शोभत नाही, पण शोभेचा विचार नंतर सुचला.

किनाऱ्यावर आलो. मांडव रिकामा. ओंडके वाळूत. सगळी कोळी मंडळी गुडघाभर पाण्यात. आणि पुढे, खाडीच्या तोंडाशी, कोर्लईच्या डोंगरासमोर, काळा-हिरवा मचवा. तरंगत होता. पिवळी रेघ पाण्याच्या वर, सरळ. सुकाणूवर गुणाजी. पुढे नाळेपाशी, मचव्याच्या टोकाला, धोतराचा काचा मारलेला, उघड्या अंगाचा, डोक्याला कोळ्याचा लाल रुमाल बांधलेला एक गोरा गृहस्थ उभा राहून माझ्याकडे हात हलवत होता.

"तात्या!" तो ओरडला. "फार उशीर केलात हो!"

ते रावसाहेब होते.

आता ऐकलेला अर्धा. हा सौ.कडून कळला. ती सकाळपासून तिथेच होती, हेही मला आजच कळले.

रावसाहेबांनी मागच्या वेळची चूक अशी ठरवली होती: मोटार. म्हणून या वेळी मोटारीला हातच लावला नाही. आदल्या दिवशी पालीहून रोह्याला बैलगाडीने गेले, आणि उत्तररात्री ओहोटीच्या ओढीबरोबर होडीतून खाडीने थेट रेवदंड्याला उतरले. त्यांचे साग आले होते त्याच वाटेने. आठला नव्हे, साडेसातलाच. मीही त्यांना कळवले नाही, त्यांनीही मला कळवले नाही. अकरा वर्षांचा बातमीदार मी, आणि धाडायची तेवढी एकच बातमी धाडली नाही!

किनाऱ्यावर त्या वेळी चिखल, एक कुत्रे आणि केसर. केसर म्हणे त्यांना पाहून डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी राहिली.

"रावसायब, तुमी आठला कसं काय आलाव?"

आमंत्रणात आठ लिहिल्यावर पाहुणा आठला आला, यात विचारण्यासारखे काय होते? मी सौ.ला तसे म्हटले. ती इतकी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. हसण्याचे कारण नीटसे कळले नाही.

असो. रावसाहेब चार तास काय करणार? आधी वाळूत पडलेल्या एका फळीवर ताठ बसले. मग सौ.ने घरून चहा नेला. मग नामा सुताराशी त्यांच्या सागाच्या शिरांवरून बोलणे निघाले. मग त्यांनी कोट काढला. मग ओंडक्यांना तेल चोळायला माणूस कमी पडत होता, तर सदरा काढला. अकरा वाजता ताशेवाला आला तेव्हा त्याने रावसाहेबांना "ए, बाजूला हो, पाव्हने यायचे हायत," असे म्हटल्याचे सांगतात.

भरती भरत आली. मचवा ओंडक्यांवरून पाण्याच्या कडेला आणला. लाट तळाला लागू लागली. गुणाजीने नारळ रावसाहेबांच्या हातात दिला. आणि रावसाहेबांनी आजूबाजूला पाहून विचारले, "तात्या कुठे आहेत?"

सौ. म्हणाली, "अलिबागेस गेलेत, काम आहे म्हणाले."

"आज काम? मलाच आणायला गेले असणार!" रावसाहेब म्हणाले. मोठा हुशार माणूस. "मग त्यांच्यावाचून कसा फोडू? अहो, मागच्या वेळी तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबलात. मी त्यांच्यासाठी एवढेही थांबू नये? शिवाय बातमी कोण देणार?"

आणि ते नारळ मांडीवर घेऊन वाळूत बसले.

सौ. सांगते, की ताशे वाजतच राहिले.  गुणाजी हात जोडून नुसता उभा. लाकूड ज्याचे, त्याला उठा कसे म्हणावे? तो एकदा रस्त्याकडे बघे, एकदा पाण्याकडे. मंडळीही रस्त्याकडे बघू लागली. तीन वर्षांपूर्वी बघत होती अगदी तशीच, त्याच बाजूला माना करून. आणि पाण्याची कडा एका शिंपलीवर येऊन थांबली होती. पुढे येईना.

केसर पाण्यातून बाहेर आली. ओल्या लुगड्याने तशीच रावसाहेबांसमोर उभी राहिली.

"रावसायब, उठा."

"पण केसरबाई, तात्यांची बातमी..."

"बातमीला भरती लागत न्हाय. मचव्याला लागते. फोडा, न्हायतर मी फोडते."

सौ. म्हणते, की रावसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, गुणाजीच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले आणि असे चटकन उठले की धोतराला वाळू लागली ती झाडायचीही राहिली. नारळ एका घावात फुटला. आणि दुसरा कसला आवाज झाला नाही. मग तो मोठा ओरडा, जो मी चौलात ऐकला. सगळ्यांनी खांदा लावला, ताशेवाल्यानेही. म्हणून ताशे बंद पडले होते.

माझ्या वाट्याला आले ते एवढेच: गुणाजीने मचवा वळवून किनाऱ्याजवळ आणला, मला हात देऊन वर ओढले आणि पुन्हा सुकाणूवर गेला.  मचवा पुन्हा खाडीच्या तोंडाशी आला तेव्हा म्हणाला, "तात्या, गोदीचं नाव मी काढलं होतं का कंदी?"

"माझ्या कानावर तरी नाही," मी म्हणालो.

या वेळी हसू डोळ्यांपर्यंत गेले होते. वाऱ्याने माझी टोपी समुद्रात गेली. कोणी आणायला गेले नाही.

श्रावण वद्य प्रतिपदा

वृत्तांत लिहिला. 'डौलाने' हा शब्द या वेळी घातला, कारण डौल मी स्वतः पाहिला. 'आमचे वार्ताहर मुख्य प्रसंगी अनुपस्थित होते', हेही घातले. संपादक खोडतील. खोडू देत.

मग शांतपणे विचार केला, की या सर्वांतून शिकायचे काय. रावसाहेब वेळेवर आले, ही जमेची बाजू. मी प्रवासात राहिलो, ती दुसरी बाजू. परंतु मुळात वेळच जर आमंत्रणात बरोबर, म्हणजे बारा अशी असती, तर एवढा घोळ झालाच नसता. रावसाहेबांना चिखलात बसावे लागले नसते. पुढल्या खेपेस आपण याबाबतीत ठाम राहायचे, असे ठरवले आहे.

हे सौ.ला बोलून दाखवत होतो, इतक्यात केसर आली. कालचा नारळीभात घेऊन आली होती, आणि वृत्तांत ऐकायला बसली. शेवटपर्यंत ऐकला, एकदाही जांभई दिली नाही.

"बेस हाय," ती म्हणाली. "आता खुशाल छापा. आता त्यो छापून बुडत न्हाय."

मी आठ-बाराचा विषय काढणार, तोच तीच म्हणाली, "तात्या, पुडल्या वर्साला माज्या दिराचा मचवा हाय. रावसायब सोताच म्हनले, येतो म्हनून. आमंत्रन तुमीच लिवा. त्येंना आता बारा लिवा. त्यो मानूस सुदारला."

"हेच मी म्हणत होतो!"

"आनि येक आमंत्रन तुमचं तुमाला लिवा. येगलं."

"मला? मी तर इथलाच."

"न्हाय, न्हाय. तुमाला पायजेच. तुमाला आठ."

सौ.ला हसू आवरेना म्हणून ती भाताचे भांडे घेऊन आत गेली. तिच्या हसण्याकडे मी हल्ली लक्ष देत नाही. मला मात्र गहिवरून आले. अकरा वर्षे या गावाची बातमी देतो आहे, पण गावाने मला स्वतंत्र आमंत्रण देऊन बोलवायचे हे प्रथमच. आणि वेळ तरी कोणती, तर खास रावसाहेबांसाठी राखून ठेवलेली ती!

केसरला सांगितले, की या मानाला जागेन. आठ म्हणजे आठ वाजता हजर राहीन.

"व्हय, व्हय," ती म्हणाली.